दुरुस्तीतली काटकसर

मंडळी, आगगाडीचा डबा धावतो तसा झिजतोही. त्याची चाके, ब्रेक वेळच्या वेळी पाहावे लागतात. हे काम जाणत्या हातांचे. अमेरिकेत या कामात एकदा काय झाले, ते आम्ही सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर तेथील रेल्वे कंपन्यांना खर्च कमी करायचा होता. काही कंपन्यांनी दुरुस्तीचे काम कंत्राटदारांना दिले. १९२२ साली कंपन्यांच्या मागणीवरून सरकारी मंडळाने कारागिरांची मजुरी तासाला ७ सेंट घटवली. १ जुलैला सुमारे ४ लाख कामगार संपावर गेले. कंपन्यांनी नवी माणसे भरली. पण नवख्याला चाकाचा दोष कसा कळावा? नादुरुस्त डबे आणि इंजिने साचत गेली. सप्टेंबरात कोर्टाने मनाई हुकूम काढला. पुष्कळ जुन्या कामगारांची रोजी बुडाली, घरची चूल कशी पेटली असेल कोण जाणे!

बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीचे प्रमुख डॅनियल विलर्ड यांनी मात्र कामगारांशी समेट केला. आम्हांला हा गृहस्थ शहाणा वाटतो. १९२३ साली पिट्सबर्गच्या ग्लेनवूड कारखान्यात साहेब आणि कामगार ठरल्या दिवशी एकत्र बसू लागले. काम कुठे अडते, सामान का खोळंबते, हे कामगार सांगत आणि साहेब ऐकून घेत. पुढच्याच वर्षी कंपनीच्या इतर कारखान्यांतही अशा बैठका सुरू झाल्या.