जळजळीवर गारव्याचा उतारा

पोटात आग पडली की गार काहीतरी घ्यावे, ही ओढ इतकी स्वाभाविक आहे की तिने एकदा नाणावलेल्या सर्जनांनाही चकवले. पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर अंगाच्या उष्णतेला जोमाने काम करते आणि गारव्यात मंदावते. मग जठरच गारठवले तर आम्ल आणि पेप्सिन दोन्ही आवरतील आणि अल्सर शस्त्रक्रियेविना भरेल, असा मिनेसोटा विद्यापीठातल्या ओवेन वँगेनस्टीन यांचा कयास होता. १९६२ मध्ये त्यांनी तो उपचार म्हणून मांडला. रुग्णाने नळीला जोडलेला फुगा गिळायचा आणि शून्याच्या बऱ्याच खाली उतरवलेले अल्कोहोल त्यातून तासभर खेळवायचे. आम्ल खरोखर उतरले, दुखणे थांबले, त्यासाठीची यंत्रे भराभर खपली.

पण आम्ल पुन्हा वाढले, कारण जठराचे अस्तर सतत नवे होत असते. काहींच्या जठराला तर उलट जखमा झाल्या, रक्तस्राव झाला. यावर कोणी म्हणेल, रुग्णांना बरे वाटले ते खोटे का? मुळीच नाही. मात्र त्याचे श्रेय थंडीला द्यायचे का, हे तुलनेशिवाय ठरत नाही. ती तुलना १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. १६० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे जठर खरेच गोठवले, उरलेल्यांच्या फुग्यात अंगाइतकाच कोमट द्रव ठेवला. पहिल्या गटात ३४ टक्के सुधारले, दुसऱ्यात ३८. अल्सरचे दुखणे मुळातच येते-जाते, आणि उपचार झाला या भरवशानेही माणसाला उतार पडतो. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात. ते आधी मिळाले असते तर हजारो लोकांचा तो फुगा टळला असता.

जळजळीवर आपण घेतो ते फ्रीजमधले दूध म्हणजे काही जठर गोठवणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पेलाभर गार दुधाने बहुतेकांचे काही बिघडत नाही. पण त्याचा गारवा पोटात थोड्याच वेळात सरतो. घटकाभर आराम पडतो तो दूध आम्लाची धार बोथट करते म्हणून, आणि पुढे त्यातलीच प्रथिने व कॅल्शियम नवे आम्ल सुटायला लावतात. तेव्हा एखाद्या रात्री ते खुशाल प्या. रोज लागत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा आणि सांध्यांसाठी वा डोक्यासाठी घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यांना दाखवा, अल्सर घडवणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी हवी का ते विचारा. शौचाला डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले, तर दुधाचा पेला बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.