परीक्षिताची मृगया

शमीक ऋषींच्या खांद्यावर मृत सर्प ठेवणारा राजा परीक्षित हा सामान्य जीव नव्हे. अश्वत्थाम्याच्या अस्त्रापासून उत्तरेच्या गर्भातच श्रीकृष्णचक्रवर्तींनी ज्याचे रक्षण केले, पांडवांच्या कुळाचा जो एकमेव अंकुर उरला, तो हा राजा. अशा पुरुषाच्या हातून मुनीची अवज्ञा कशी घडली, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात उभा राहतो. कीर्तनातून त्याचे एक ठरलेले उत्तर दिले जाते. राजाच्या सोन्याच्या मुकुटात कली शिरला होता, त्याने बुद्धी भ्रष्ट केली. कलीला सुवर्णात स्थान दिल्याचे भागवताच्या प्रथम स्कंधात आले आहे हे खरे. परंतु पुढच्याच अध्यायात मृगयेचा प्रसंग येतो, तेथे मुकुटाचा उल्लेख नाही. महाभारताच्या आदिपर्वातही नाही. मुकुटाच्या कथेने श्रोत्यांचे समाधान होते, पण अपराध आकाशातून पडल्यासारखा वाटू लागतो, आणि राजाने स्वतः काय केले व काय केले नाही, हे पाहण्याचे राहून जाते.

मूळ कथेत मात्र सर्पाच्या आधी बरेच काही आहे. परीक्षित आपला पणजा पांडू याच्याप्रमाणेच मृगयेचा शौकी होता. त्या दिवशी त्याने एका हरिणाला बाण मारला. हरीण पडले नाही, घायाळ होऊन पळाले. आजवर त्याच्या बाणाने विद्ध झालेला मृग जिवंत सुटला नव्हता, म्हणून राजा त्याच्यामागे निघाला आणि त्या मृगाने त्याला दूर ओढून नेले. पुढे जनमेजयाला मंत्र्यांनी जो वृत्तांत सांगितला, त्यात अधिक तपशील आहे. राजाचे वय साठ वर्षांचे होते, तो पायी होता, खड्ग व भाता अंगावर होता, अरण्य गहन होते आणि त्यात हरीण दिसेनासे झाले. थकलेला, भुकेला व तहानलेला असा तो गाईंच्या चरण्याच्या जागी पोहोचला. वासरांच्या तोंडून गळणाऱ्या दुधाच्या फेसावर निर्वाह करणारे शमीक तेथे बसले होते.

राजाने येथे मृगयाशास्त्राचाच नियम मोडला होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. रा. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूर येथे प्रथम छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या मृगयेविषयी स्पष्ट मर्यादा आहेत. चल लक्ष्यावर नेम धरण्याच्या सरावासाठी राजाने मृगारण्यात जावे. मात्र आधी लुब्धकांनी व कुत्री बाळगणाऱ्यांनी चोर, श्वापदे व शत्रू यांचे भय तेथून दूर केलेले असावे. त्याच ग्रंथात विहारासाठी राखावयाच्या मृगवनाचे वर्णन आहे. त्याला द्वार एकच, भोवती खंदक, आत काटेरी झाडे नाहीत, पाणवठे उथळ, आणि हिंस्र पशूंची नखे व दात मोडलेले. आता असल्या वनातील मृगयेला मृगया तरी का म्हणावे, हा प्रश्न वेगळा! कालिदासाच्या रघुवंशातही दशरथ ज्या वनात शिरतो, तेथे कुत्री बाळगणारे व जाळी लावणारे आधीच पोहोचलेले आहेत, वणवा व दरोडेखोर यांचे भय उरलेले नाही, घोड्यांसाठी जमीन टणक आहे आणि पाणवठे आहेत. म्हणजे भूमी कशी आहे, पाणी कोठे आहे व तेथे कोण आहे, हे पाहिल्यावाचून शिकाऱ्याने पाऊल टाकू नये, असा दंडक होता.

हाच दशरथ पुढे एका रुरुमृगाच्या मागावर लागतो, सेवकांच्या दृष्टीआड होतो आणि तपस्व्यांचा वावर असलेल्या तमसेच्या तीरी येऊन पोहोचतो. तेथे घागर भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटतो आणि बाण लागतो तो मुनिकुमाराला. रामायणात ही नदी शरयू आहे. नदी कोणतीही असो, अपरिचित काठावर पाणी घेण्यास कोण येते याची त्याला माहिती नव्हती.

अनुभवी शिकारी घायाळ हरणाच्या मागे तत्काळ धावत नाही. त्याला काही वेळ तसेच सोडले तर ते बहुधा जवळच्या झाडीत बसते. पाठीवर लागले तर अंगात त्राण असेपर्यंत पळत राहते. शिवाय पळणाऱ्याला वाटा, ओहळ, आडोसे ठाऊक असतात. पाठलाग करणारा वाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे, हे वासावरून त्याला कळते. मागच्याजवळ रक्ताचे थेंब आणि खुरांच्या खुणा एवढेच असते. परीक्षिताने थांबणे पत्करले नाही. आजवर एकही मृग निसटला नाही, या लौकिकाने त्याला अनोळखी रानात नेले.

येथे अशी शंका येईल की, ज्या मार्गात मुंगीलाही इजा करणे निषिद्ध, त्या मार्गाच्या अनुयायांनी शिकारीचे नियम का पाहावेत? याचे समाधान असे की, हिंसेचा दोष तर बाण सोडताच लागला. त्याविषयी वादच नाही. मनुस्मृतीने कामापासून उत्पन्न होणाऱ्या दहा व्यसनांत मृगया पहिली मोजली आहे. परंतु मुनीचा अपराध हा त्याहून वेगळा दोष आहे आणि तो कोठून उपजला ते पाहावयाचे आहे. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात पिशुन नावाच्या आचार्याचे मत दिले आहे. मृगयेत चोर, शत्रू, श्वापद, वणवा, ठेच लागून पडणे, भय, दिशाभूल, भूक, तहान व प्राणसंकट आहे, असे तो सांगतो. कौटिल्याला त्याचा निष्कर्ष मान्य नाही. त्याच्या मते द्यूत अधिक वाईट. तरीही दिशाभूल, भूक आणि तहान हे तिन्ही शब्द परीक्षिताच्या प्रसंगाला अक्षरशः लागू पडतात.

राजाने मुनीला आपले नाव व कुळ सांगून विचारले की, माझ्या बाणाने विद्ध झालेला मृग पाहिलात काय? मुनी मौनव्रती होते. राजाने धनुष्याच्या टोकाने सर्प उचलला. मुनी तरीही बोलले नाहीत, तेव्हा राजाचा क्रोध ओसरला व तो खिन्न होऊन नगरास परतला.

आपल्या श्रोत्यांना येथे लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवेल. तेथेही शिकारी पाठलाग करीत येतात, तेथेही आसनस्थ पुरुषाकडे सावजाची मागणी होते. ससा पैजेचा आहे, तो न मिळाल्यास आपसांत शस्त्रे निघतील, असे ते सांगतात. परंतु तेथे त्यांना सर्वज्ञांचे उत्तर मिळते. सशाने शरण घेतल्याचे कळते आणि ते शस्त्र खाली ठेवतात. परीक्षिताला उत्तर मिळाले नाही. मौनाचा अर्थ सांगणारे दुसरे कोणी त्या रानात नव्हते, आणि तेथील मुनी कोण, त्यांचे व्रत काय, हे आधी विचारलेले नव्हते. वास्तविक ती भूमी परक्या राजाची नव्हे. शृंगीने शाप दिल्यावर शमीकांनी पुत्राला जो बोध केला, त्यात ते म्हणतात की आपण याच राजाच्या देशात राहतो, त्याच्या रक्षणाखाली धर्म आचरतो; तो श्रमलेला होता व माझ्या व्रताविषयी त्याला ठाऊक नव्हते. अपमान ज्यांचा झाला, त्यांनीच अपराध्याचे अज्ञान सांगावे, यात त्यांचे मोठेपण आहे. परंतु राजाच्या बाजूने पाहता, स्वतःच्याच देशातील मुनीचे व्रत त्याला ठाऊक नसणे हा बचाव किती टिकेल, हे अवघड आहे.

शमीकांनी गौरमुख नावाच्या शिष्याला पाठवून सात दिवसांच्या शापाची वार्ता राजाला कळविली. आपण ज्यांना सर्प घातला ते मौनव्रती होते, हे तेव्हा त्याला प्रथम समजले. स्वतःच्या मरणाहून या गोष्टीचा त्याला अधिक शोक झाला, असे महाभारत सांगते.

त्यानंतर राजाने एका स्तंभावर प्रासाद उभारविला, भोवती रक्षक ठेवले, वैद्य व औषधे जमविली, कोणालाही जवळ येण्यास बंदी केली. सातव्या दिवशी तापसांच्या वेषात नाग आले आणि त्यांनी आणलेली फळे आत घेण्यात आली. एका फळात तांबूस रंगाचा, काळ्या डोळ्यांचा लहानसा कृमी निघाला. सूर्य मावळतीला आला होता. राजाने हसून तो कृमी आपल्या हाताने स्वतःच्या मानेवर ठेवला.