मानवी हक्कांची सरकारी नोकरी सोडली आणि १०,००० पाउच छापले : एका ताईंचा खरा हिशेब



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "सर, सरकारी नोकरी सोडून धंद्यात उतरू का?" यावर हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. त्याऐवजी एका ताईंचा हिशेब उघडून दाखवतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही. या हिशेबात एक मोठी चूक आहे आणि ती माझी आहे, म्हणून हा लेख लिहायला मला जरा वेळ लागला.

ताई मुंबईत मानवी हक्कांच्या कामाच्या एका सरकारी कार्यालयात सोळा वर्षं होत्या. लोकांचे तक्रार अर्ज वाचायचे, पोलीस किंवा तुरुंग प्रशासनाकडून अहवाल मागवायचे, तारखांची टिपणं करायची. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. त्यात आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. पण शेवटी जे होतं ती शिफारस. आणि घटनेला वर्ष उलटून गेलं असेल तर आयोगाला चौकशी करता येत नाही. ताई म्हणायच्या, "उशिरा आलेला अर्ज बाजूला ठेवताना त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. सोळा वर्षं हेच केलं, आता नाही होत." त्यात आई साताऱ्यात एकटी. दिला राजीनामा.

इथे थोडं थांबा, कारण तुमच्यातले काही जण आत्ता याच टप्प्यावर आहेत. महाराष्ट्राच्या १९८२ च्या पेन्शन नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षांची पात्र सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. नुसता राजीनामा दिला तर मागची सेवा पेन्शनसाठी बाद होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा मामला एनपीएसचा. तिथे साठीच्या आधी बाहेर पडलात तर जमा रकमेचा मोठा भाग पेन्शनसाठी अडकतो आणि हातात कमी येतो. म्हणून रागाच्या भरात कागद देऊ नका, आधी आस्थापना शाखेत बसून आकडा लिहून घ्या. आणि "नोकरीत असतानाच गुपचूप चालू करतो" हा विचार सोडा. वर्तणूक नियमांत खाजगी धंद्याला आधी परवानगी लागते, घरच्यांच्या नावावर असला तरी तो कळवावा लागतो.

आता माझी चूक.

माझं साताऱ्यात पॅकेजिंगच्या सामानाचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. ताई आल्या आणि म्हणाल्या, "कांदा-लसूण मसाला करणार आहे, आईच्या हाताचा." मी काय विचारायला हवं होतं? आत्तापर्यंत किती जणांना विकला, किती जणांनी दुसऱ्यांदा घेतला. मी विचारलं, "पाउच कुठल्या साइझचा?" बीबीएत शिकलेलं सगळं त्या क्षणी गल्ल्यात गेलं. दोनशे ग्रॅमचे १०,००० छापील पाउच, साडेसहा रुपयांनी ६५,००० रुपये. सिलिंडरचा खर्च छपाईवाल्याने वेगळा लावला. माझा माल खपला, मी खूश.

सात महिन्यांनी त्यांनी वही आणली. एका पाउचचा हिशेब असा : मिरची, मसाले, कांदा-लसूण, तेल आणि डंकावरची कुटाई मिळून ७८ रुपये. पाउच साडेसहा. छापील किंमत १४०, त्यातले ३५ दुकानदाराचे. उरले १०५, त्यातून साडेचौऱ्याऐंशी गेले. राहिले साडेवीस. वाहतूक, चवीसाठी वाटलेला माल आणि फुटलेले पाउच धरून सहा रुपये काढा. हातात साडेचौदा. सात महिन्यांत पाउच विकले १,४००. म्हणजे कमाई २०,३००, महिन्याला २,९०० रुपये. घरखर्च ३८,०००.

मसाला वाईट नव्हता हो. आमच्या घरी अजून तोच लागतो. पण साताऱ्यात कांदा-लसूण मसाला विकायचा म्हणजे ज्या गल्लीत प्रत्येक घरी उन्हाळ्यात मिरच्या वाळत असतात, तिथे मिरची विकायची. जिथे तो मिळत नाही अशा गावात ताईंचं गिऱ्हाईक होतं, आणि तिथे पोचायची त्यांची काही सोय नव्हती.

वही बंद करून त्या म्हणाल्या, "मला दुसरं येतं तरी काय? सोळा वर्षं फक्त कागद वाचले." मी गप्प बसलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर पुढच्या महिन्यात माझ्याच काउंटरवर आलं.

एमआयडीसीतले एक कारखानदार माझ्याकडून खोकी घेतात. चाळीसेक कामगार. त्यांच्या हातात मोठ्या कंपनीचं चार पानी पत्र होतं : तुमच्याकडून माल घेत राहायचा असेल तर पगारपत्रक, कामगारांच्या वयाचे दाखले, ओव्हरटाइमची नोंद आणि अंतर्गत समितीचे कागद दाखवा. हल्ली अशी पत्रं वाढली आहेत, कारण सेबीच्या नियमांमुळे मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना दरवर्षी जो अहवाल द्यावा लागतो त्यात मानवी हक्कांचा वेगळा भाग असतो. मग त्या खालच्या पुरवठादारांना विचारतात. निर्यातवाल्यांना परदेशी गिऱ्हाईक आधीपासूनच विचारत आलंय.

कारखानदार वैतागलेले. ताई पाउच बदलून मिळतात का बघायला आल्या होत्या. त्यांनी पत्र घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उत्तर द्यायची तारीख कधीची?" मग दहा मिनिटांत सांगितलं की यातले सहा कागद तुमच्याकडे असणारच, दोन करावे लागतील, आणि समिती नसेल तर ती पत्रासाठी नाही, कायद्यासाठीच करायला हवी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा, हा विषय जाणणारा. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

"ताई, हे करून द्याल का? किती घ्याल?"

"अहो, त्यात काय घ्यायचं!"

मी मधे पडून सांगितलं, "पंधरा हजार." ते लगेच हो म्हणाले. ताई मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

त्यांचं म्हणणं होतं की हक्काच्या कामाचे पैसे घेणं म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच खिशात हात घालणं. सरकारी किंवा सामाजिक कामातून आलेल्या जवळपास प्रत्येकाचा गाडा इथे अडतो. मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद ठेवला : पैसे कोण देतंय आणि फायदा कोणाला होतोय, लिहा. मालक देतोय. त्याची ऑर्डर टिकतेय. बाईला तक्रार करायला एक जागा मिळतेय आणि तिच्याकडून रुपया घेतलेला नाही. मग त्या थोड्या सैल झाल्या. तक्रारदाराकडून कधीही पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम त्यांनी त्याच कागदावर लिहिला.

दुसरा नियमही त्यांचाच. ज्या कारखान्याचे कागद त्या करून देतात, तिथल्या समितीवर त्या बसत नाहीत. मला हे जरा अति वाटलं, अजूनही वाटतं, कारण निम्मं उत्पन्न जातं. पण साठ कामगारांच्या एका मालकांनी जेव्हा म्हटलं, "मॅडम, सदस्य तुम्हीच व्हा, फक्त काही झालं तर आपल्या बाजूने बघा," तेव्हा त्या उठून आल्या. वर्षाचं बांधलेलं काम गेलं. मी हिशेब मांडत बसलो होतो, त्या चहा पीत होत्या.

तुम्ही अशा नोकरीतून येत असाल तर दोन गोष्टी अगदी सरळ सांगतो. व्हिजिटिंग कार्डावर जुन्या कार्यालयाचं नाव मोठं छापू नका आणि राजमुद्रा तर अजिबात नको, त्यासाठी २००५ चा वेगळा कायदाच आहे. गाडीवर "मानवाधिकार"ची पाटी लावून फिरणारे तुम्हीही पाहिले असतील, त्यांच्यात आपली मोजणी व्हायला नको. आणि नोकरीत पाहिलेली एकही फाइल, एकही नाव गप्पांमध्ये उदाहरण म्हणून वापरू नका. गिऱ्हाईक लगेच ओळखतं की उद्या हा माझंही बाहेर सांगेल.

पैशांचं म्हणाल तर ताईंकडे सुरुवातीला नऊ लाख होते. बारा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ४,५६,०००, पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला हवे होते आणि उरलेल्या ४,४४,००० मध्येच धंद्याची उडी मारायला हवी होती. आम्ही ते आठव्या महिन्यात केलं, तोपर्यंत बरेच पैसे गेले होते. उद्यम नोंदणी मात्र आम्ही स्वतः केली. ती सरकारी पोर्टलवर मोफत आहे, कोणाला दोन हजार देऊ नका.

आज नऊ महिन्यांनी त्यांच्याकडे अकरा कारखाने आहेत. एका महिन्यात ४१,००० आले, त्याच्या पुढच्या महिन्यात साडेबारा हजार. पैसे वेळेवर येत नाहीत ही आता त्यांची मुख्य तक्रार आहे, म्हणून निम्मी रक्कम आधी घ्यायला सुरुवात केली आहे. पहिल्यांदा मागताना त्यांचा आवाज इतका बारीक होता की समोरच्याने "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं.

८,६०० छापील पाउच माझ्या माळ्यावर आहेत. मी ते निम्म्या किमतीत परत घेतले. आता नवीन कोणी मसाल्यासाठी आलं की आधी शंभर साधे पाउच आणि स्टिकर देतो, आणि सोबत माळ्यावरचा एक पाउच दाखवतो. पाउच कोणाचे, हे लोक विचारतात. "माझे," म्हणून सांगतो.