बोळ : एक नाव, दोन औषधे

शास्त्रवाचनात गंधरस अथवा बोळ हा शब्द आपल्या कानी पडतो. मागी लोकांच्या दानांत तो होता (मत्तय २:११), आणि वधस्तंभाजवळ प्रभूस देऊ केलेल्या द्राक्षारसातही तो मिसळिलेला होता (मार्क १५:२३). हाच पदार्थ आपल्या खेड्यांत हिराबोळ किंवा बाळंतबोळ ह्या नावाने बाळंतिणीस देतात. म्हणून त्याचे गुण व त्यातील भय ही दोन्ही घरोघरी ठाऊक असावीत.

बोळ म्हणजे एका ठेंगण्या काटेरी झाडाचा चीक होय. हे झाड सोमालिया, इथिओपिया व दक्षिण अरबस्तान येथील रुक्ष प्रदेशांत वाढते. सालीस चीर पाडिली असता पिवळसर चीक पाझरतो व वाळून त्याचे तांबूस खडे बनतात. खडा सुवासिक, पण चवीस कडू असतो. त्यात डिंक, राळ व सुगंधी तेल अशी तीन द्रव्ये असतात. राळ पाण्यात विरघळत नाही; म्हणून मद्यार्कात त्याचा अर्क काढितात, आणि हिरड्या सुजल्या असता त्याचे थोडे थेंब पाण्यात घालून गुळण्या करितात. १९९६ साली इटलीतील संशोधकांनी, बोळातील काही द्रव्यांनी उंदरांच्या वेदना कमी होतात, असे दाखविले. तथापि तेवढ्याने ते माणसाचे सिद्ध औषध ठरत नाही.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी ध्यानात धराव्या.

१. काळा बोळ हा निराळा पदार्थ आहे. तो कोरफडीच्या जातीच्या पानांतील वाळविलेला रस असून जालीम रेचक आहे. दुकानी नुसते “बोळ द्या” म्हटल्यास एकाऐवजी दुसरा पदरी पडावयाचा. तान्ह्या मुलास तर तो मुळीच चाटवू नये.

२. गरोदर स्त्रीने दोहोंपैकी कोणताही बोळ पोटात घेऊ नये. हिराबोळ गर्भाशयास चेतवितो, ह्या समजुतीनेच तो बाळंतपणानंतर देत आले आहेत. त्याच कारणाने गरोदरपणी त्याचे भय आहे.

३. रक्त पातळ ठेवण्याचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल, त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून बोळ घेऊ नये. बोळ घेतल्यावर अंगावर पुरळ उठल्यास किंवा पोट बिघडल्यास तो तत्काळ थांबवावा.

४. बाळंतिणीस रक्तस्राव फार होऊ लागला, तर सहाणेवर बोळ उगाळीत बसू नये. तत्क्षणी १०८ क्रमांकास कळवून तिला दवाखान्यात न्यावे. अशा वेळी घटकाभराचा विलंबही प्राणावर बेततो.

वडिलांपासून चालत आलेले औषध टाकाऊ नव्हे. पण ते ओळखून व विचारून घ्यावे. शिक्षकांनी हा पाठ गावच्या सुइणींस व सासूबाईंस आवर्जून वाचून दाखवावा.

प्रश्न : (१) हिराबोळ व काळा बोळ ह्यांत भेद काय? (२) गरोदरपणी बोळ का वर्ज्य करावा? (३) बाळंतिणीस फार रक्तस्राव झाल्यास प्रथम काय कराल?