टिटवी सांगेल तेवढंच जवळ

चि. मुक्ता हिस,


सुप्याच्या माळावर काढलेले टिटवीच्या पिल्लाचे तुझे फोटो पाहिले. हात स्थिर आहे तुझा. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका अचूक आलाय आणि मातीत मिसळून गेलेली ती काळी-तपकिरी पाठ पाहून मला खरंच आनंद झाला. तुझी आई म्हणाली, तू हा फोटो स्पर्धेला पाठवणार आहेस. पाठवण्याआधी मावशीचं हे पत्र शांतपणे वाच.

फोटोतलं पिल्लू जमिनीला पोट चिकटवून बसलंय. तुला ते निवांत वाटलं. टिटवीचं पिल्लू निवांत असलं की बसून राहत नाही गं. अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच ते आपल्या पायांनी हिंडू लागतं. चार पावलं पळतं, थबकतं, किडा टिपतं, पुन्हा पळतं. तू लिहिलंस, ‘वर दोन टिटव्या सारख्या कोकलत होत्या, तरी पिल्लू जागचं हललं नाही.’ तरी नाही, मुक्ता, म्हणूनच हललं नाही. आई-बाप ओरडले की जिथे असू तिथे दबून बसायचं, ही त्याची उपजत जाण. तू जवळ होतीस तोवर ते दबून राहिलं.

आता त्या फोटोतली सावली बघ. ती पिल्लाच्या अगदी अंगाखाली आहे, म्हणजे ऊन डोक्यावर आलेलं होतं. मे महिन्यातला माळ दुपारी किती तापतो ते तुला ठाऊक आहे, तिथल्या मुरमावर अनवाणी पाय ठेववत नाही. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. पहाटेच्या गारव्यात ऊब आणि दुपारी सावली, दोन्हींसाठी त्याला आई-बापांच्या पंखांखाली शिरावं लागतं. अंड्यांचं तर विचारूच नकोस. या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती बरेचदा त्यांना ऊब द्यायला नव्हे, ऊन लागू नये म्हणून. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसते. आपण ‘पाचच मिनिटं’ म्हणून उभे राहतो, तेव्हा हे सगळं थांबतं. शिवाय टिटव्यांचा आरडाओरडा कावळ्यालाही ऐकू येतो. माणूस कुठे घुटमळतोय हे तो नीट पाहून ठेवतो आणि आपण निघालो की तिथे उतरतो. मुंगूस आणि घोरपड यांचाही वावर असतोच.

तू विचारलंस, किती फुटांवर थांबायचं. याला एक आकडा नाही. रोज गुरं-माणसं पाहणारी बांधावरची टिटवी जेवढं जवळ येऊ देईल, तेवढं एकट्या माळावरची देणार नाही. म्हणून पिल्लाकडे बघून अंतर ठरवू नकोस, त्याच्या आई-बापांकडे बघ. टिटवी चरायची थांबली, मान उंच करून झटके देऊ लागली, की तिने तुला पाहिलंय. पहिली हाक आली की थांब आणि आलीस तशी मागे जा. ती डोक्यावर झेपावायला लागली किंवा पंख मोडल्यासारखा ओढत तुझ्यापुढे लंगडू लागली, तर तू फारच आत शिरलीस. ते लंगडणं तुला पिल्लापासून लांब नेण्यासाठी आहे, त्याचेही फोटो काढत बसू नकोस. मागे सरल्यावर टिटवी पुन्हा चरू लागली किंवा पिल्लांवर जाऊन बसली, म्हणजे ते अंतर तिला मान्य आहे. तिथून तुझ्या लेन्समध्ये जे मावेल ते तुझं.

झाडावरच्या पक्ष्यांची खूण वेगळी. बुलबुल किंवा दयाळ चोचीत अळी घेऊन शेजारच्या फांदीवर बसून राहिला, घरट्यात शिरेना, तर त्याची वाट अडवून तूच उभी आहेस. तो अळी स्वतः गिळून उडून गेला, तर पिल्लांचा एक घास बुडाला. घरट्यातल्या पिल्लांना दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने भरवावं लागतं. सुट्टीच्या दिवशी एकामागून एक कॅमेरे येतात, तेव्हा प्रत्येकजण आपली दहाच मिनिटं मोजतो. पिल्लांच्या वाट्याला मात्र सगळ्यांच्या मिनिटांची बेरीज येते.

स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याचं मला फार वाईट वाटतं. मे-जूनमध्ये ओढ्याकाठच्या बारीक फांदीवर, कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली ती इवलीशी वाटी असते आणि बरेचदा हात पोचेल इतकी खाली. फोटोत पानं आडवी येतात म्हणून लोक भोवतालच्या डहाळ्या मोडतात किंवा दोरीनं बाजूला बांधतात. अगं, ती पानं हेच त्या घरट्याचं छप्पर. ऊन, पहिल्या पावसाची सर आणि शिक्रा यांच्यापासून आडोसा तेवढाच. कुणी मोठ्या नावाचा माणूस तुझ्यासमोर फांदी मोडू लागला, तर वयाकडे न बघता त्याला अडव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विचलित करणंही येतं, हे त्याला खुशाल सांग.

जुन्या पुस्तकांत घरट्यावरचे फोटो भरपूर आहेत, असं तू म्हणशील. आहेत. ई. एच. एन. लोथर यांचं भारतातल्या पक्ष्यांच्या छायाचित्रणावरचं पुस्तक १९४९ साली आलं. त्या पिढीचे कॅमेरे अवजड आणि लेन्स तोकड्या. पक्षी हमखास परत येणार अशी जागा घरट्याचीच, म्हणून ते तिथे लपण लावून बसत. ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ साली घरट्याजवळ घुबडाच्या हल्ल्यात आपला एक डोळा गमावला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण त्यांची अडचण आज तुझ्यापुढे नाही. तुझी लेन्स लांबून पिसांची रेघन् रेघ टिपते. अनेक स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं तंत्र निराळं. काळविटाचं किंवा चिंकाऱ्याचं नुकतं जन्मलेलं पाडस गवतात एकटं दडून असतं. आई मुद्दाम लांब चरते, म्हणजे तिच्या मागावर असलेला लांडगा पाडसापर्यंत पोचत नाही. दूध पाजायलाच ती जवळ जाते. एकटं दिसलं म्हणून ते अनाथ नसतं. त्याला उचलू नकोस, पाणी पाजू नकोस, गवत बाजूला सारून फोटो काढू नकोस. चिंकारी पुढचा पाय आपटून फुरफुरली की तो इशारा तुझ्यासाठी आहे. लांडग्याच्या पिल्लांची गुहा कुणी दाखवतो म्हणाला, तर जाऊच नकोस. माणसांचा राबता वाढला की लांडगीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या उघड्या वाटेवर गावची कुत्री असतात. कडबनवाडीला वनखात्याची गवताळ सफारी आहे. तिथे गाडीत बसून ठरलेल्या वाटेनं जे दिसेल ते बघ.

जुन्नर भागात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. ती मांडीवर घेऊन काढलेले फोटो तूही पाहिले असशील. बिबटीण कुठे गेलेली नसते, आसपासच्या उसात असते आणि अंधार पडायची वाट बघते. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि बरेचदा रात्रीतून आई ती घेऊन जाते. दिवसभर गर्दी हटलीच नाही, तर हे जुळायचं कसं? असं काही तुझ्या गावाजवळ घडलं तर कॅमेरा पिशवीत घाल, लोकांना मागे सार आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेव.

आणखी थोडं. विणीच्या दिवसांत मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, बाप पिल्लांना भरवणं सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावतो. ढोलीतल्या पिंगळ्याच्या पिल्लांवर फ्लॅश मारायचा नाही. वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला गेलीस तर मोबाइलची बॅटरीसुद्धा लावायची नाही, ती उजेडाच्या रोखानं वळतात. फोटो कुणाला पाठवलास तर जागेचं नाव लिहू नकोस आणि फोटोत आपोआप नोंदलं जाणारं ठिकाणही काढून टाक. फक्त तालुका सांगितला तरी पुरे.

त्या फोटोचं म्हणशील, तर तो स्पर्धेला पाठवू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. तो चांगला ठरला तर तसाच काढायला आणखी दहाजण त्या माळावर जातील. तुझ्याकडून मला वेगळा फोटो हवा आहे, ज्यात पिल्लू आपल्या उद्योगात गढलेलं असेल आणि भोवती त्याचा माळ, त्याचं पाणी दिसेल. पिल्लू चौकटीत लहान आलं तरी चालेल.

त्यासाठी पावसाळ्यात तुमच्या पाझर तलावावर जा. टिबुकलीची वीण तेव्हा असते. डोक्यावर-मानेवर पट्टे असलेली तिची पिल्लं आईच्या पाठीवर चढून पिसांत शिरतात, नुसती डोकी बाहेर काढतात, आणि बाप छोटे मासे आणून त्यांना तिथेच भरवतो. हे सगळं उघड्या पाण्यावर चालतं, त्यामुळे लांबूनही नीट दिसतं. तरंगतं घरटं लव्हाळ्यात असेल, त्या बाजूला फिरकू नकोस. टिबुकली अंड्यांवरून उठताना पाणवनस्पती ओढून ती झाकते, घाईत उठावं लागलं तर अंडी उघडी राहतात. बांधावरच्या बाभळीआड, सकाळचा उजेड पाठीशी घेऊन, पोटावर पड, म्हणजे कॅमेरा पाण्याच्या पातळीच्या जवळ येईल. पहिला अर्धा तास फोटो काढूच नकोस, त्यांच्या फेऱ्या कुठून कुठे होतात ते बघ. पाठीवर पिल्लं घेऊन ती एकाएकी लव्हाळ्याकडे वळली आणि बाहेर येईनाशी झाली, तर उठून घरी ये.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी येतेच आहे, तेव्हा आपण दोघी जाऊ. तोवर एक मातकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा शिवून घे. तुझा तो पिवळा रेनकोट तिथे चालणार नाही.

आईला आणि आजीला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी