शाळेचा शिक्का व त्याची निगा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीइतकेच महत्त्व शाळेच्या शिक्क्यास आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी पाड्यांवरून पालक जातीच्या दाखल्याकरिता तालुक्याच्या गावी जातात. दाखल्यावरील शिक्का वाचता आला नाही, तर हेलपाटा पडतो व दिवसाची मजुरी बुडते.

शाईची गादी आतच असलेल्या शिक्क्यात रबरी अक्षरे गादीला टेकलेली असतात. वरून दाबताच ती उलटून कागदावर येतात. ठसा फिका पडू लागल्यास जोर वाढवू नये. गादी सुकली असे समजावे. शिक्का अर्धा दाबून बाजूच्या बटणाने अडकवावा व गादी बाहेर काढावी. तिच्यावर चार-पाच थेंब शाई सारखी पसरून सोडावी, ती पुरती मुरू द्यावी व मगच गादी पूर्वीप्रमाणे बसवावी. पहिले ठसे रद्दी कागदावर उमटवून पाहावेत.

शाई अशा शिक्क्यांकरिता मिळते तीच, पाण्यात कालवलेली, वापरावी. तेलकट शाईने गादी खराब होते. रॉकेलने रबर फुगते. अक्षरांत बसलेला मळ व खडूची धूळ ओलसर फडक्याने टिपावी, टाचणीने कोरू नये.

पावसाळ्यात या भागातील हवा दमट असते व कागद ओल धरतो. म्हणून ठसा पुरता वाळल्याखेरीज दाखल्याची घडी घालू नये. जूनमध्ये शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांनी एक ठसा कोऱ्या कागदावर घेऊन शाळेचे नाव, तालुका व जिल्हा ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात की नाही, हे पाहावे.