दगडाची चुरी

गुरुकुंज मोझरी अमरावती-नागपूर रस्त्यावर आहे. रस्ता बांधायला गिट्टी लागते. गिट्टी कशाची होते? आपल्या काळ्या दगडाची. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला. तो थरावर थर पसरला आणि थिजला. त्याचा हा दगड झाला. हाच दगड झिजून आपली कपाशीची काळी जमीन झाली.

खदानीतला दगड क्रशरमध्ये भरडतात. डाळ भरडली की चुनी पडते. तशी गिट्टी केली की चुरी पडते. चुनी आपण ढोरांना घालतो, वाया जाऊ देत नाही. मग चुरीचे ढीग का पडून राहावेत? वाऱ्याने ती धूळ पिकावर बसते. पावसाने नाल्यात जाते आणि नाला बुजतो. माणसाच्या छातीत गेली तर खोकला आणि दमा मागे लागतो. म्हणून चुरी ओली करूनच उचलावी. नुसता दुपट्टा बांधून भागत नाही. बारीक धूळ कापडातून आत जाते. धूळ अडवणारा मास्क लावावा.

दुसरीकडे नदीची वाळू संपत चालली आहे. वाळू पाणी धरून ठेवते आणि हळूहळू जमिनीत सोडते. वाळू उपसली की काठच्या विहिरी आटतात. म्हणजे एकीकडे चुरी नको झाली आणि दुसरीकडे वाळू मिळेना. यावर उपाय दगडापासून केलेली वाळू. मे 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने या वाळूचे धोरण ठरवले. सरकारी बांधकामात सुरुवातीला 20 टक्के अशी वाळू वापरावी, असे त्यात आहे.

लोक म्हणतात, "चुरीचं घर नाही टिकत, भाऊ!" यात थोडे खरे आहे. ढिगावरची चुरी आणि तयार वाळू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चुरीचे कण चपटे आणि धारदार असतात. त्यांत पीठही फार असते. पीठ पाणी पिते. मग गवंडी जास्त पाणी घालतो आणि काम कच्चे राहते. तयार वाळू करताना दुसऱ्या यंत्रात दगडावर दगड आपटतात. कणांच्या धारा मोडतात. मग वाळू चाळतात आणि धुऊन पीठ काढतात. भारतीय मानकाप्रमाणे 1 मिलिमीटरच्या तेराव्या भागाहून बारीक पीठ 100 किलोत 15 किलोपेक्षा जास्त नसावे.

घर बांधताना आपण एवढे पाहावे. मूठभर वाळू काचेच्या पेल्यात घ्या. त्यात पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. ढवळून तीन तास ठेवा. वाळू खाली बसेल, पीठ वर बसेल. पिठाचा थर जाड दिसला तर तो माल स्लॅबला घेऊ नका. ज्वारीच्या दाण्याहून मोठे खडेही चाळून काढा.

मग उरलेल्या चुरीचे काय? ती रस्त्याच्या पायात गिट्टीच्या फटी भरायला चालते. सिमेंट आणि बारीक गिट्टी मिसळून तिचे गट्टू होतात, भिंतीचे ठोकळे होतात. आपल्या उन्हात गट्टू निदान 10 दिवस ओले ठेवावेत. 28 दिवसांनी ते वापरावेत. घाईने काढलेला गट्टू बैलगाडीखाली फुटतो. मग पैसाही जातो आणि चुरीचे नावही खराब होते.

गावात गट्टू बसवायचे ठरले तर ग्रामसभेत विचारा: माल कोणता? पाणी किती दिवस मारले? आता आपल्याला वाचता येते. बिल हाती घेऊन आपणच वाचावे.

प्रश्न
1. चुरी ओली करून का उचलावी?
2. चुरी आणि तयार वाळू यांत फरक काय?
3. तुमच्या गावाजवळ चुरीचा ढीग आहे का? तिचा उपयोग काय करता येईल?